दप्तर, नोंदवही आणि क्लाउड : पेडणे महालातील जमीन-नोंदींच्या देखरेखीचा इतिहास

प्रास्ताविक

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी हळर्ण हे गाव वसलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव येते ते तेथील किल्ल्यामुळे. सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातील हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने जिंकला आणि या कामगिरीबद्दल त्याला 'मार्केज द आलोर्ना' हा किताब मिळाला. गोव्यातील एका लहानशा गावाचे नाव अशा रीतीने पोर्तुगालच्या सरदार घराण्याला लागले. पुढे हळर्ण पुन्हा सावंतवाडीकरांकडे गेले आणि १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली आला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत.

किल्ला कोणी घेतला आणि कोणी सोडला, याच्या तारखा इतिहासकारांनी नोंदवून ठेवल्या आहेत. परंतु किल्ल्याखालच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने राज्य बदलले की प्रश्न एकच असे : ही जमीन कोणाच्या नावे आहे, ती कोण कसतो आणि हे कोठे लिहिलेले आहे ? आदिलशाही, भोसले, पोर्तुगीज आणि भारतीय प्रजासत्ताक अशा चार राजवटींनी या प्रश्नाचे उत्तर आपापल्या कागदांत लिहिले. आता ते उत्तर कागदातून संगणकाच्या डेटाबेसमध्ये गेले आहे आणि डेटाबेसही कचेरीतील यंत्रातून दूरच्या सामायिक यंत्रणेत, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तेथे, जाऊ लागला आहे.

नोंदी सांभाळणे आणि नोंदींवर नजर ठेवणे या दोन कामांचा हा प्रवास कसा झाला, प्रत्येक टप्प्यावर काय मिळाले आणि काय निसटले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दप्तराची भाषा

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवे शहर घेतले आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हे महाल त्यांच्याकडे गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे प्रदेश मात्र त्यानंतरही दीर्घकाळ विजापूरच्या सत्तेच्या कक्षेत राहिले. पहिला इब्राहिम आदिलशहा (राज्यकाल १५३४ ते १५५८) याने महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत सुरू केली, असे फरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. या निर्णयाचा परिणाम मोठा झाला. हिशेबाची भाषा मराठी झाली, परंतु हिशेबाची परिभाषा फारसी-अरबीच राहिली. दप्तर, महसूल, वसूल, तपशील, तारीख, नक्कल, दाखला, कब्जा, हक्क, मालक, सनद हे शब्द आजही तलाठ्याच्या आणि मामलेदाराच्या कचेरीत रोज उच्चारले जातात. 'दप्तर' हा शब्द तर त्याही आधी ग्रीक भाषेतून, कातडे या अर्थाच्या शब्दापासून, निघून अरबी-फारसीमार्गे मराठीत आला. कागदांचे गठ्ठे ज्यात बांधत तो 'रुमाल'ही फारसीच.

या शब्दसंपदेत पदांची नावे विशेष लक्षणीय आहेत. फर्द लिहिणारा तो फर्दनवीस, म्हणजे फडणीस. एकत्रित जमा-खर्च पाहणारा तो मुजुमदार. घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा तो वाकिआनवीस, म्हणजे वाकनीस. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने या संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री झाला. नावे बदलली तरी कामांची विभागणी तीच राहिली. ही विभागणी येथे महत्त्वाची आहे. नोंद करणारा एक, नोंदींची बेरीज तपासणारा दुसरा आणि काय घडले याची स्वतंत्र टिपणी ठेवणारा तिसरा. एकाच हातात तिन्ही कामे असू नयेत, ही जाण या पदनामांतच दडलेली आहे.

हिशेबाच्या पद्धतीतही असाच विचार दिसतो. दिवसभराचा व्यवहार प्रथम घडला त्या क्रमाने 'कीर्दी'त उतरवायचा आणि मग तो खातेवार 'खतावणी'त न्यायचा. खतावणीचे पान फाटले तर कीर्दीवरून ते पुन्हा उभे करता येते, कीर्द हरवली तर मात्र खतावणीतील आकडा कोठून आला हे सांगता येत नाही. शेवटी दोन्हींची 'रुजुवात' करायची. 'रुजू' म्हणजे मूळ अरबीत परत फिरणे. लिहिलेल्या आकड्याकडून मूळ व्यवहाराकडे परत जाऊन पाहणे, हा त्यातील भाव आहे.

पोर्तुगीजांच्या दोन वह्या

पेडणे, डिचोली, सत्तरी इत्यादी महाल पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकात आले. त्यांना 'नव्या काबिजादी' असे म्हटले जाते. येथील लोकांच्या रूढी आणि वहिवाटी कायम ठेवण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी सामान्यतः स्वीकारले आणि १८५३ मध्ये नव्या काबिजादींतील रूढींची संहिताही प्रसिद्ध झाली. त्यामुळे जुन्या मराठी मोडी कागदांची गरज संपली नाही. 'मोकासो' हा जमिनीच्या एका प्रकाराचा शब्द पेडणे भागात आजही ऐकू येतो. तो 'मोकासा' या दख्खनी सुलतानशाहीच्या काळातील महसुली संज्ञेचाच अवशेष होय.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि तिच्याबरोबर स्थावर मिळकतीच्या नोंदणीची युरोपीय पद्धत रुजली. या पद्धतीचा गाभा म्हणजे दोन वेगळ्या वह्या. एका वहीत मिळकतीचे वर्णन : तिचे नाव, गाव, चतुःसीमा आणि तिला दिलेला क्रमांक. दुसऱ्या वहीत हक्कांची नोंद : अमुक क्रमांकाची मिळकत अमुक दस्ताने अमुक व्यक्तीकडे आली. गोव्यातील जुन्या खरेदीखतांत 'बी' मालिकेच्या वहीतील वर्णन क्रमांक आणि 'जी' मालिकेच्या वहीतील हक्कनोंद क्रमांक यांचा उल्लेख हमखास आढळतो, त्याचे कारण हेच. मिळकत तीच राहते, मालक बदलत जातात. म्हणून मिळकतीचे वर्णन एकदाच लिहायचे आणि प्रत्येक नव्या हक्काच्या नोंदीत केवळ तिचा क्रमांक द्यायचा. तेच वर्णन दहा ठिकाणी लिहिले तर दहा प्रकारच्या चुका होतात. क्रमांक दिला तर चूक एकाच जागी होते आणि एकाच जागी दुरुस्त होते.

कागद सुरक्षित ठेवण्याच्या बाबतीतही पोर्तुगीज व्यवहारात शिकण्यासारखे बरेच होते. लिस्बन आणि गोवा यांच्यामध्ये आफ्रिकेला वळसा घालून जाणारा समुद्रमार्ग होता आणि जहाजे बुडत असत. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठवीत आणि प्रतीवर ती पहिल्या वाटेची, दुसऱ्या वाटेची की तिसऱ्या वाटेची, हे लिहीत. गोव्यात जतन झालेल्या 'मान्सून'च्या पत्रसंग्रहांत याच्या खुणा सापडतात. १५९५ मध्ये दियोगु द कोउतु या इतिहासकाराची गोव्याच्या दप्तरखान्याचा रक्षक म्हणून नेमणूक झाली. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा राजकीय दप्तरखाना ज्या बुरुजात होता तो बुरूज कोसळला, पण बरेचसे कागद ढिगाऱ्यातून वाचविण्यात आले. त्याच भूकंपात भारताशी व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या 'काझा द इंडिया'चे कागद मात्र नष्ट झाले. एकाच शहरातील, एकाच आपत्तीतील ही दोन उदाहरणे आहेत. नोंद टिकली की नाही, हे ती कोठे आणि किती जागी ठेवली होती यावर अवलंबून राहिले.

विसाव्या शतकात या दप्तरखान्याची व्यवस्था लावण्याचे आणि त्यातील मराठा-पोर्तुगीज संबंधांची साधने उजेडात आणण्याचे कार्य डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४ ते १९६९) यांनी केले. एका परक्या सत्तेच्या दप्तरातून आपल्या प्रदेशाचा इतिहास वाचता येतो, याचे श्रेय अशा अभ्यासकांना आणि कागद जपणाऱ्या अनाम लिपिकांना द्यावे लागेल.

मुक्तीनंतरची नोंद

मुक्तीनंतर गोव्यात १९६४ चा कृषी कूळ कायदा, १९६८ ची जमीन महसूल संहिता आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला. नव्याने भूमापन झाले, सर्व्हे क्रमांक पडले आणि 'नमुना १ व १४' हा हक्कनोंदीचा उतारा अस्तित्वात आला. महाराष्ट्रात सातबाराला जे महत्त्व, तेच गोव्यात या एक-चौदाच्या उताऱ्याला. त्यात कब्जेदाराचा रकाना आहे, कुळाचा रकाना आहे आणि इतर हक्कांचाही आहे.

संहितेच्या १०५ व्या कलमानुसार हक्कनोंदीतील मजकूर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरा मानला जातो. ही नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तथापि विरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याचे नाव नोंदीत नाही त्याच्यावर पडते. ज्याच्या घरी जुनी खते, सनदा, वकील आणि पैसा आहे, त्याला हे ओझे पेलते. ज्याच्या बापाने तोंडी करारावर शेत कसले, त्याच्यासाठी कुळाच्या रकान्यातील एक ओळ हाच सगळा पुरावा असतो.

यात आणखी एक अडचण आहे. पोर्तुगीज काळातील मिळकत क्रमांक आणि मुक्तीनंतरचा सर्व्हे क्रमांक हे दोन स्वतंत्र पद्धतींचे क्रमांक होत. एका जुन्या मिळकतीचे अनेक सर्व्हे क्रमांक झाले, तर कोठे अनेक मिळकतींचे भाग एका क्रमांकात आले. दोन्ही दप्तरे जिवंत आहेत आणि दोन्हींची पूर्ण रुजुवात झालेली नाही. गोव्यातील कित्येक जमीनविषयक वादांचे मूळ या फटीत आहे.

रिलेशनल डेटाबेस : जुन्या जाणिवेची नवी मांडणी

१९७० मध्ये आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी मोठ्या सामायिक माहितीसाठ्यांसंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. 'रिलेशन' ही त्यांनी गणितातून घेतलेली संज्ञा. साध्या भाषेत ती म्हणजे ओळी आणि रकाने असलेला तक्ता. सर्व माहिती तक्त्यांत मांडावी, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख देणारी किल्ली असावी आणि एका तक्त्याने दुसऱ्याचा उल्लेख त्या किल्लीनेच करावा, असा त्यांचा विचार होता. त्यापूर्वी माहिती शोधणाऱ्याला ती यंत्रात कोठे आणि कशी ठेवली आहे हे ठाऊक असावे लागे, जसे जुन्या दप्तरखान्यात कोणता रुमाल कोणत्या फडताळात आहे हे फक्त दप्तरदारालाच माहीत असे. कॉड यांच्या पद्धतीत काय हवे तेवढे विचारायचे, ते कसे शोधायचे हे यंत्र ठरवते. या कार्यासाठी त्यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१९७४ पासून या प्रश्नांसाठी घडत गेलेली भाषा आज एसक्यूएल नावाने परिचित आहे. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेसएसक्यूएल ही याच परंपरेतील प्रसिद्ध नावे. 'बी' वही आणि 'जी' वही यांची आठवण ठेवली, तर या कल्पनेत अपरिचित असे काही उरत नाही. मिळकतीचा तक्ता वेगळा, हक्कांचा तक्ता वेगळा, आणि दोहोंना जोडणारा क्रमांक.

दुसरी महत्त्वाची कल्पना म्हणजे व्यवहाराची अखंडता. जमीन एकाच्या नावावरून कमी झाली आणि दुसऱ्याच्या नावावर चढण्यापूर्वी वीज गेली, असे होता कामा नये. दोन्ही गोष्टी घडल्या पाहिजेत किंवा एकही नाही. यासाठी डेटाबेस आधी आपल्या रोजनिशीत, म्हणजे लॉगमध्ये, बदल लिहितो आणि मग तक्त्यात. यंत्र मध्येच बंद पडले तर लॉग वाचून तक्ते पूर्ववत केले जातात. आयबीएममधील भारतीय वंशाचे संशोधक सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या पुनर्स्थापनेची जी रीत मांडली, तिचा प्रभाव त्यानंतरच्या अनेक डेटाबेसवर पडला. कीर्द आधी आणि खतावणी नंतर, हा नियम येथे नव्या वेषात भेटतो.

शेजारच्या कर्नाटक राज्याने 'भूमी' प्रकल्पात सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी २००१ च्या सुमारास संगणकावर आणल्या. त्यातील एक तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याला आपल्या बोटाच्या ठशाने ओळख पटवावी लागे. बदल कोणी केला हे नाकारता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. गोव्यातही एक-चौदाचा उतारा घरबसल्या संगणकावर पाहता येतो.

क्लाउड : सामायिक दप्तरखाना

डेटाबेस चालविण्यासाठी यंत्र लागते, थंड खोली लागते, अखंड वीज लागते आणि रात्री-अपरात्री धावून येणारा जाणकार लागतो. प्रत्येक कचेरीला हे परवडत नाही. २००६ पासून अॅमेझॉनने आपली यंत्रे इतरांना तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला आणि २००९ मध्ये तयार रिलेशनल डेटाबेसच भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्याही अशाच सेवा आहेत. अॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले, तर मायक्रोसॉफ्टची भारतातील केंद्रे, त्यात पुणेही आले, २०१५ मध्ये. भारत शासनाने 'मेघराज' या नावाने आपले क्लाउड धोरण आखले आणि राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राची शासकीय क्लाउड सेवा २०१४ मध्ये सुरू झाली.

या व्यवस्थेत कामाची वाटणी असते. यंत्राची दुरुस्ती, मूळ प्रणालीतील सुधारणा, ठरल्या वेळी बॅकअप, एक केंद्र बंद पडल्यास दुसऱ्या केंद्रातील जुळी प्रत पुढे आणणे, ही कामे सेवा देणारा करतो. तक्त्यांची रचना, कोणाला काय पाहता वा बदलता येईल याचे अधिकार, संथ चालणाऱ्या प्रश्नांची सुधारणा आणि नोंदींची शुद्धता ही मात्र ज्याची माहिती आहे त्याचीच जबाबदारी राहते. इमारत भाड्याची असली तरी दप्तर आपले असते. ही सीमारेषा न ओळखल्यामुळे 'ते सगळे कंपनी पाहते' असा समज पसरतो आणि अनेक चुका तेथून सुरू होतात.

देखरेख कशाची ?

क्लाउडवरील डेटाबेसवर देखरेख ठेवणे म्हणजे प्रथम त्याची नाडी पाहणे. प्रक्रियकावर किती ताण आहे, स्मृती आणि साठवणुकीची जागा किती उरली आहे, एका वेळी किती जण जोडलेले आहेत, जुळी प्रत मूळ प्रतीच्या किती सेकंद मागे आहे, कोणता प्रश्न नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो, कोण कोणाची वाट अडवून बसला आहे, या गोष्टी क्षणाक्षणाला मोजल्या जातात. मर्यादा ओलांडली की संबंधित व्यक्तीला इशारा जातो. यात तारतम्य लागते. इशारे फार थोडे असतील तर बिघाड लोकांच्या तक्रारींतून कळतो, फार झाले तर ते कोणी वाचत नाही. जागा संपत आली हे पंधरा दिवस आधी कळले तर ते साधे काम असते. संपल्यावर कळले तर कचेरी बंद पडते.

दुसरी गोष्ट बॅकअपची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याकडून थकव्याच्या भरात चालू डेटाबेसच पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच रीती होत्या, परंतु गरजेच्या वेळी त्यांतील एकही नीट उपयोगी पडली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत हाती लागली आणि मधल्या वेळेतील माहिती कायमची गेली. कंपनीने हे सारे लपवून न ठेवता सविस्तर प्रसिद्ध केले, म्हणून इतरांना शिकता आले. परत उभा करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, हा त्याचा धडा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला आग लागली. तेथे शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला आणि त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशात हे घडावे, याचे आश्चर्य वाटते. पत्राची दुसरी प्रत दुसऱ्या जहाजाने पाठविणारा सोळाव्या-सतराव्या शतकातील लिपिक या बाबतीत अधिक सावध होता, असेच म्हणावे लागेल.

नोंदीचे आरोग्य आणि नोंदीचे सत्य

तथापि येथपर्यंतची सर्व देखरेख यंत्राच्या आरोग्याची आहे. जमीन-नोंदींच्या बाबतीत खरा धोका वेगळ्या जागी असतो.

जून २०२२ मध्ये बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी गोवा शासनाला पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमण्यात आला. मालक परदेशी गेलेले किंवा मृत, वारस दूर, आणि कागद पोर्तुगीज भाषेतील, अशा जमिनी हेरून जुन्या तारखेचे खोटे दस्त तयार करायचे आणि त्यांच्या बळावर हक्कनोंदीत नाव चढवायचे, असे या प्रकरणांचे सर्वसाधारण स्वरूप समोर आले. पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. विमानतळाच्या छायेत येणाऱ्या जमिनीकडे कोणाकोणाचे लक्ष जाते, हे सांगण्याची गरज नाही.

अशी खोटी नोंद डेटाबेसमध्ये कशी शिरते ? कुलूप तोडून नव्हे, तर दरवाजातून. अधिकृत कर्मचारी, अधिकृत परवलीचा शब्द, कार्यालयीन वेळ आणि समोर एक दस्त. यंत्राच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत असते. ताण वाढत नाही, इशारा वाजत नाही. उलट जुळी प्रत क्षणार्धात तीच खोटी ओळ आपल्यातही उतरवून घेते. प्रतींची संख्या वाढली म्हणून असत्याचे सत्य होत नाही. बॅकअपही येथे फारसा कामाला येत नाही. अॅमेझॉनच्या सेवेत आपोआप घेतले जाणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राखता येतात. वारसाला आपली जमीन दुसऱ्याच्या नावावर गेल्याचे दहा वर्षांनी कळले, तर त्या ३५ दिवसांचा त्याला काय उपयोग ?

येथे वाकनिसाची उणीव भासते. कोणत्या ओळीत, कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या दस्ताच्या आधारे, काय बदलले आणि बदलण्यापूर्वी तेथे काय होते, याची रोजनिशी वेगळी ठेवावी लागते. डेटाबेसमध्ये अशी सोय करता येते, परंतु ती आपोआप होत नाही, ठरवून करावी लागते. तिच्यासाठी चार पथ्ये आवश्यक दिसतात. पहिले, नोंद बदलणाऱ्याला ही रोजनिशी पुसण्याचा अधिकार नसावा. दुसरे, ती दुसऱ्या जागी, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात असावी. तिसरे, तिची मुदत दिवसांत नव्हे तर पिढ्यांत मोजावी, कारण जमिनीचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो. चौथे, बदल झाला की ज्याचे नाव कमी होत आहे त्याला, आणि कुळाच्या रकान्यात ज्याचे नाव आहे त्यालाही, तत्काळ कळविले जावे. चावडीवर नोटीस लावण्याची जुनी रीत याच हेतूची होती. नोटीस कोणी वाचत नसे हा दोष खरा, पण आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना तो दोष दूर करणे अवघड नाही.

नावांची रुजुवात

या विषयाला भाषेचीही एक बाजू आहे. हळर्णचे आलोर्ना झाले, पेडण्याचे पेर्नें झाले आणि डिचोलीचे बिशोली. माणसांच्या नावांचेही तसेच. पोर्तुगीज लिपिकाने नाईक हे आडनाव आपल्या वर्णपद्धतीने लिहिले, तर इंग्रजी वळणाच्या लिपिकाने वेगळ्या अक्षरांनी. शेख या नावाचा आरंभ पोर्तुगीज कागदात 'एक्स' या अक्षराने होतो. मोडी कागदात तोच माणूस ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदाविना लिहिलेला. एका माणसाची अशी तीन-चार नावे डेटाबेसच्या दृष्टीने तीन-चार वेगळी माणसे ठरतात. मग आजोबा आणि नातू यांची साखळी तुटते, आणि तुटलेल्या साखळीत बनावट वारस शिरतो.

युनिकोडमुळे देवनागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या एकाच तक्त्यात सुखाने नांदू शकतात. परंतु डेटाबेस उभारताना अक्षरसंच चुकीचा निवडला, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. जमिनीच्या तुकड्याला देशभर एकच चौदा अंकी क्रमांक देण्याची 'भू-आधार' योजना २०२१ पासून राबविली जात आहे. तिच्यामुळे शेताची ओळख पक्की होईल. शेत कसणाऱ्याची ओळख पक्की होण्यासाठी मात्र पोर्तुगीज, मोडी, मराठी आणि उर्दू कागद वाचू शकणारी माणसे लागतील. अशी माणसे कमी होत चालली आहेत. ज्या समाजाला आपले जुने कागद वाचता येत नाहीत, त्याला त्या कागदांच्या नावाने पुढे केलेला खोटा कागदही ओळखता येत नाही. मोडी आणि पोर्तुगीज यांच्या अभ्यासवर्गांकडे या दृष्टीनेही पाहावयास हवे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. क्लाउडवरील डेटाबेस ही दप्तर राखण्याच्या दीर्घ परंपरेतील पुढची पायरी आहे. मिळकत आणि हक्क वेगळे लिहिणे, आधी कीर्द मग खतावणी, प्रत दुसऱ्या वाटेने पाठविणे, लिहिणारा आणि तपासणारा वेगळा ठेवणे, ही तत्त्वे या प्रदेशाला पूर्वीपासून परिचित आहेत. नव्या यंत्रणेने वेग, सोय आणि टिकाऊपणा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पेडण्याच्या शेतकऱ्याला उताऱ्यासाठी कचेरीत दिवस घालवावा लागत नाही, हा लाभ लहान नाही.

मात्र यंत्र चालू आहे याचा अर्थ नोंद खरी आहे असा होत नाही. पहिल्या गोष्टीची देखरेख सेवा देणारी कंपनी किंवा शासकीय केंद्र करील. दुसरीची देखरेख शासन, अभ्यासक आणि स्वतः नागरिक यांनीच करावयाची आहे. त्याची सुरुवात अगदी साधी आहे. वर्षातून एकदा आपल्या शेताचा उतारा काढावा, घरातील जुन्या कागदाशेजारी ठेवून रकान्यागणिक वाचावा आणि फरक दिसल्यास त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा. हळर्णचा किल्ला अनेकदा हातोहात गेला आणि त्या बदलांच्या तारखा कोणी तरी लिहून ठेवल्या. किल्ल्याखालच्या शेतांच्या बाबतीतही तेवढीच दक्षता घेतली जावी, एवढीच अपेक्षा आहे.